सौर पंपाची गोष्ट: कुलाबा ते ढुंडी

सौर पंप म्हटलं की आपल्याला निळी पॅनल्स आणि 'कुसुम' योजना आठवते. पण उन्हावर पाणी उपसायचा प्रयोग आपल्या मुंबईत जवळपास दीडशे वर्षांपूर्वी झाला होता, हे माहितीये?

विल्यम अ‍ॅडम्स नावाचा एक इंग्रज अधिकारी होता. मुंबईत इंधन महाग, ऊन मात्र भरपूर. त्याने कुलाब्यात सपाट आरसे असे बसवले की सगळ्यांचं ऊन एकाच बॉयलरवर पडेल. त्या वाफेवर अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन चाललं आणि पंप फिरला. 1878 साली त्याने यावर पुस्तकही लिहिलं. पुढे मात्र गाडी अडली.

मग आलं 1913. जागा इजिप्त, कैरोजवळचं मादी. फ्रँक शुमन या अमेरिकन इंजिनिअरने पन्हळीसारख्या वाकवलेल्या आरशांच्या पाच रांगा उभ्या केल्या, प्रत्येक रांग 60 मीटरहून लांब. बाहेरून येणारा कोळसा तिथे महाग पडायचा. शुमनचा पंप नाईलचं पाणी मिनिटाला सुमारे 6000 गॅलन उचलू शकत होता. पण 1914 ला महायुद्ध पेटलं, माणसं पांगली, 1918 मध्ये शुमन वारला. नंतर स्वस्त तेल आलं आणि विषय मागे पडला.

1954 मध्ये अमेरिकेच्या बेल लॅब्सने सिलिकॉनचा सौर सेल दाखवला. आता बॉयलर नको, वाफ नको, उन्हाची थेट वीज! तरी पॅनल स्वस्त होऊन शेतकऱ्याच्या बांधावर पोचायला कित्येक दशकं गेली.

आणि इथे नवा पेच आला. डिझेलला पैसे पडतात, म्हणून माणूस हात आखडतो. ऊन फुकट, मग पंप बंद कोण करणार? विहीर आटली तर?

याचं एक उत्तर गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात सापडतं. 2016 मध्ये तिथल्या सहा शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने सौर पंप ग्रिडला जोडले. पिकापुरतं पाणी उपसायचं, उरलेली वीज कंपनीला विकायची, युनिटला 4 रुपये 63 पैसे. म्हणजे उगाच पंप चालवला की खिशाला चाट!

आपल्याकडे 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण गटाच्या शेतकऱ्याला 10 टक्केच रक्कम भरावी लागते. चांगलंच आहे. पण हे पंप ग्रिडला जोडलेले नसतात, त्यामुळे उरलेली वीज विकता येत नाही. तेव्हा घरी पंपाचा विषय निघाला, तर एक प्रश्न नक्की विचारा: वाचवलेल्या पाण्याचे पैसे शेतकऱ्याला कधी मिळणार?