८ फेब्रुवारी : सर सालारजंग यांची पुण्यतिथी

१८८३ : हैदराबाद संस्थानचे दिवाण मीर तुराब अली खान ऊर्फ पहिले सर सालारजंग यांचे आजच्या दिवशी हैदराबादेत कॉलऱ्याने निधन झाले. १८५३ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी दिवाणी हाती घेऊन त्यांनी तीन निजामांच्या कारकिर्दी पाहिल्या. शेतसारा वसुलीची मक्तेदारी मोडून त्यांनी पगारी तालुकदार नेमले. रयतेला लुबाडणाऱ्या मक्तेदारांना चाप बसला. १८६५ मध्ये जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी झाली. १८७२ मध्ये एदलाबाद, राजुरा व सिरपूर तालुके मिळून सिरपूर-तांडूर उपजिल्हा झाला. १९०५ मध्ये त्याचाच आदिलाबाद जिल्हा बनला. राजुरा आज महाराष्ट्रात आहे. पण आदिलाबाद आणि राजुरा या दोन्हींकडच्या कारभाराचा पाया एकाच दिवाणाच्या काळातला आहे.