तासो आणि तुळशी : एका नदीचा नामलोप

एकोणिसाव्या शतकात वाढत्या वस्तीला विहिरी व तलाव अपुरे पडू लागले, तेव्हा मुंबईने पाण्यासाठी साष्टी बेटातील डोंगरांकडे दृष्टी वळविली. १८५६ साली गोपर नदीच्या खोऱ्यात विहार तलावाचे काम सुरू झाले आणि १८६० साली ते पाणी शहरात आले. हाही साठा लवकरच अपुरा ठरला. मग १८७२ च्या योजनेने शेजारच्या तासो या लहान नदीचा प्रवाह विहारकडे वळविण्यात आला, व १८७९ साली त्याच नदीवर तुळशी तलाव पूर्ण झाला.

नामकरणाच्या दृष्टीने येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. नव्या तलावाला नाव मिळाले ते गावाचे, नदीचे नव्हे. विहारचीही तीच कथा. याउलट १८९२ साली पूर्ण झालेल्या तानसा तलावाने आपल्या नदीचे नाव कायम ठेवले. तानसा नदी धरणाखालीही दूरवर वाहते व काठच्या वस्तीच्या बोलण्यात राहते. तासोला असा आधार उरला नाही. नदीचे नाव उतार, शेत आणि वहिवाट यांच्या व्यवहारात टिकते. तो व्यवहार संपला की नावाची गरजही संपते.

पुढे हे नाव मुख्यतः इंग्रजी अहवालांतून चालत आले. व्युत्पत्तीची अडचण येथेच उद्भवते. रोमन लिपी त व ट, ल व ळ, ऱ्हस्व व दीर्घ स्वर यांतील भेद नेहमीच्या लेखनात दाखवीत नाही. मुंबईकरास परळ व शीव हे उच्चार ठाऊक आहेत, म्हणून त्यांची ‘परेल’ व ‘सायन’ ही इंग्रजी वळणाची रूपे त्याला फसवीत नाहीत. केवळ ‘सायन’वरून सीमावाचक ‘शीव’ शोधून काढणे कोणासही दुष्कर झाले असते. म्हणूनच ‘तासो’चा संबंध नांगराच्या ‘तासा’शी जोडणे कितीही मोहक वाटले, तरी स्थानिक उच्चाराच्या साक्षीवाचून ती उपपत्ती ग्राह्य मानता येत नाही.

शहरात नेमकी उलट स्थिती दिसते. गिरगावलगतचा धोबीतलाव बुजला, गवालिया तलावाच्या जागी मैदान झाले. तथापि तलावांची ही नावे लोकांच्या तोंडी राहिली, कारण भोवतालची वस्ती व रहदारी अखंड होती. सारांश, शहरात पाणी गेले आणि नाव उरले. डोंगरात पाणी उरले आणि नाव गेले. स्थलनामाचे आयुष्य त्या स्थळाच्या अस्तित्वापेक्षा ते उच्चारणाऱ्या समाजावर अधिक अवलंबून असते. स्थलनामांच्या अभ्यासकाने नकाशाआधी त्या समाजाकडे जावे, हे यावरून स्पष्ट होते.