विसाच्या मॅगझिनमध्ये अठरा

व्हिएतनाममध्ये नव्याने दाखल झालेल्या अमेरिकन सैनिकाला जुने गडी एक गोष्ट हमखास सांगायचे. मॅगझिन वीस गोळ्यांचं आहे, पण वीस भरू नकोस. अठरा भर, फार तर एकोणीस. दहा मॅगझिनं बाळगणारा माणूस या हिशेबाने वीस गोळ्या, म्हणजे एक अख्खं मॅगझिन, आपणहून मागे सोडत होता. जिथे एकेक गोळी मोलाची, तिथे असा सौदा कोण करेल? ज्याचा मॅगझिनवर भरवसा नाही, तोच.

मॅगझिन म्हणजे इथे मासिक नव्हे. रायफलच्या पोटात खालून बसवतात ती गोळ्यांची डबी. तिच्यावर भरवसा ठेवायचा की नाही हे ठरवायचं कसं, या प्रश्नाला अमेरिकन सैन्याने साठ वर्षांत बरीच उत्तरं दिली आणि त्यातली बरीचशी पुढे बदलली. आपल्याला मोबाइलचा चार्जर घेताना पडतो तोच हा प्रश्न: ओरिजिनल घ्यावं, की बाहेरच्या कंपनीचं चालेल? फरक एवढाच की इथे चूक झाली तर बंद पडतो तो फोन नसतो.

चार भागांची डबी

वरवर पाहिलं तर मॅगझिनमध्ये बिघडण्यासारखं काही नाही. पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं कवच, आत स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर गोळ्यांना वर ढकलणारा ठोकळा आणि खाली तळपट्टी. कवचाच्या तोंडाशी दोन कडा आत वळलेल्या असतात, त्यांना ओठ म्हणतात. सगळ्यात वरची गोळी या ओठांनी अडवून धरलेली असते. रायफलचा बोल्ट पुढे येताना तिला ढकलतो, ती ओठांतून निसटते आणि नळीत शिरते. बोल्ट परत यायच्या आत स्प्रिंगने पुढची गोळी वर आणून ठेवलेली हवी. एम-१६ सलग झाडली तर हे सगळं सेकंदाला बारा-पंधरा वेळा घडतं.

आता ओठ किंचित फाकले, तर एका वेळी दोन गोळ्या वर येतात. किंचित आवळले गेले, तर गोळी अडते. ठोकळा कलंडला, तर गोळीचं नाक खाली जातं. स्प्रिंग ढिली पडली, तर बोल्ट रिकामाच पुढे जातो. आणि स्प्रिंग पार दाबली गेली, तर वरची गोळी ओठांना इतकी घट्ट बसते की बोल्टला ती सोडवताना झगडावं लागतं. म्हणून अठरा. यातलं 'किंचित' हे मिलिमीटरच्या अंशातलं असतं. चांगलं आणि खराब मॅगझिन शेजारी ठेवलं तर डोळ्यांना फरक दिसत नाही.

युजीन स्टोनरने आर्मलाइट कंपनीत १९५०च्या दशकात ही रायफल आखली, तेव्हा वजन कमी ठेवणं हा मोठा हेतू होता. म्हणून मॅगझिनही अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं. ते एकदा वापरून टाकून द्यायचं अशी मूळ कल्पना होती, असं सांगतात. सैन्याने ते टाकून दिलं नाही. ते आपटलं, बुटाखाली आलं, पुसून पुन्हा भरलं गेलं.

दोष कुणाचा?

१९६७ साली एम-१६ अडकण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की अमेरिकन काँग्रेसने रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. ऑक्टोबरमध्ये तिचा अहवाल आला. मूळ चाचण्यांत वापरलेली दारू बदलून दुसऱ्याच प्रकारची दारू गोळ्यांत भरली गेली होती. गोळी बसते त्या कक्षाला क्रोमचा मुलामा नव्हता. रायफल साफ करण्याचं साहित्य आणि शिकवण, दोन्ही सैनिकांपर्यंत नीट पोचलेली नव्हती. ही कारणं खरी होती आणि त्यांची किंमत माणसांनी जिवाने मोजली होती.

पण या गदारोळात मॅगझिनचा वाटा किती, हे शोधणं अवघडच होतं. रायफल अडकली की पहिला संशय रायफलवर जातो, दुसरा गोळीवर. मॅगझिन बदललं की काम पुन्हा सुरू होतं, त्यामुळे मॅगझिनचा गुन्हा नोंदलाच जात नाही. खराब मॅगझिन जमिनीवर पडतं, नंतर कुणीतरी ते उचलतं, झटकतं आणि पुन्हा ढिगात टाकतं. पुढच्या वेळी ते दुसऱ्याच कुणाच्या वाट्याला येतं.

यावर सैनिक आणि नेमबाज यांच्यात एक साधा उपाय रुळला. प्रत्येक मॅगझिनवर नंबर टाकायचा. रायफल अडकली की कितव्या नंबरावर अडकली ते लिहून ठेवायचं. तोच नंबर पुन्हा आला, की मॅगझिन चिरडून टाकायचं, म्हणजे ते कुणाच्याच हाती परत लागणार नाही. दोष एकाच नंबरावर येत असेल तर मॅगझिन दोषी. सगळ्या नंबरांवर सारखाच येत असेल तर रायफल किंवा गोळी तपासा. न्यायाची ही पद्धत एखाद्या मोठ्या अहवालाइतकीच पक्की आहे, आणि तिला लागतो फक्त एक मार्कर.

ओरिजिनल म्हणजे नक्की कोण?

पुढे तीस गोळ्यांचं मॅगझिन आलं आणि नवी अडचण घेऊन आलं. ५.५६ मिमीचं काडतूस मागे जाड आणि पुढे निमुळतं असतं. अशी काडतुसं एकावर एक रचली की रास आपोआप वाकते. पण रायफलची खाच बनवली होती वीस गोळ्यांच्या सरळ मॅगझिनसाठी. म्हणून तीसचं मॅगझिन वर सरळ आणि खाली वाकडं करावं लागलं. जिथे सरळ भाग संपून वाक सुरू होतो, तिथे ठोकळा कलंडायला जागा मिळाली. ती खोड घालवण्यासाठी ठोकळा पुनःपुन्हा बदलला गेला. आधी काळा होता, मग हिरवा आला, मग खाकी. अनुभवी माणूस मॅगझिनच्या तोंडात डोकावून ठोकळ्याच्या रंगावरून त्याची पिढी ओळखतो.

ही मॅगझिनं बनवत कोण होतं? वेगवेगळ्या काळात वेगवेगळे ठेकेदार. आराखडा सरकारचा, काम ज्याची निविदा मंजूर होईल त्याचं. तळपट्टीवर ज्याचं नाव छापलंय त्यानेच ते बनवलंय, असंही दर वेळी नव्हतं. त्यामुळे 'ओरिजिनल' हा शब्द इथे फार दूर नेत नाही. सरकारी मॅगझिनही कुणीतरी ठेका घेऊनच बनवलेलं असतं.

प्रमाणित म्हणावं, तर तिथेही गंमत. या मॅगझिनला जगभर 'स्टॅनॅग मॅगझिन' म्हणतात, म्हणजे नाटोच्या प्रमाणाबरहुकूम बनवलेलं. असा प्रस्ताव १९८० साली खरोखर मांडला गेला होता. पण त्याला कधी मंजुरी मिळाली नाही. नाव चिकटलं, प्रमाण मसुद्यातच राहिलं. परिणाम असा, की एका देशाचं मॅगझिन दुसऱ्या देशाच्या रायफलमध्ये बसतं, पण बसलं म्हणजे चालेलच असं नाही.

नागरी बाजारात आणखी एक घोळ झाला. सप्टेंबर १९९४ ते सप्टेंबर २००४ अशी दहा वर्षं अमेरिकेत सामान्य ग्राहकांसाठी दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिनं बनवायला बंदी होती. जुनी विकायला मुभा होती, म्हणून जुन्यांच्या किमती चढल्या. महाग ते चांगलं, असं मानण्याची आपली सगळ्यांचीच सवय आहे. पण ती किंमत टंचाईची होती, दर्जाची नव्हती.

इराकची वाळू

आराखड्याप्रमाणे बनवलेली वस्तूही कशी दगा देते, याचा धडा इराकमध्ये मिळाला. तो रायफलचा नव्हे, एम-९ पिस्तुलाचा होता. २००३ नंतर सैनिक तक्रार करू लागले की बाहेरच्या ठेकेदाराकडून घेतलेली मॅगझिनं वाळूत गोळ्या वर चढवत नाहीत. पिस्तुलाच्या मूळ कंपनीची मॅगझिनं मात्र ठीक चालत होती. सरळ निष्कर्ष निघतो: बाहेरचा माल हलका. पण तपशील पाहिला तर त्या मॅगझिनांना आतून-बाहेरून खरबरीत फॉस्फेटचा लेप द्यावा, ही मागणी सैन्याच्या कंत्राटातलीच होती. इराकची पिठासारखी बारीक वाळू त्या खरबरीत भिंतींना धरून बसायची आणि ठोकळा अडायचा. ठेकेदाराने सांगितलं तसं बनवलं होतं. चूक सांगणाऱ्याची होती. पुढे गुळगुळीत लेपाची मॅगझिनं आली.

२००७ मध्ये अमेरिकन सैन्याने चार प्रकारच्या रायफली धुळीत घोळवून तपासल्या. प्रत्येक प्रकारच्या दहा रायफली, प्रत्येकीतून ६,००० गोळ्या, म्हणजे दर प्रकाराला ६०,०००. एम-४ मध्ये ८८२ अडथळे आले, बाकी तिघींत १२७ ते २३३. मथळे एम-४ च्या नावाने झळकले. पण त्या ८८२ पैकी २३९ अडथळे मॅगझिनमुळे आले होते, चारात एकाहून जास्त. आणखी एक आकडा फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. त्याच वर्षी उन्हाळ्यात झालेल्या तशाच चाचणीत एम-४ ला ३०७ अडथळे आले होते. रायफल तीच, चाचणी तशीच, आकडा जवळपास तिप्पट. एका चाचणीवर किती विसंबायचं, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

त्याच २००७ साली मॅगपुल नावाच्या कंपनीने पीमॅग हे प्लास्टिकचं मॅगझिन बाजारात आणलं. कंपनी १९९९ मध्ये एका माजी मरीनने सुरू केलेली. तिची पहिली वस्तू होती मॅगझिन खिशातून ओढून काढायला त्याच्या बुडाशी लावायचा रबरी फास. इराक आणि अफगाणिस्तानातले सैनिक पीमॅग पदरमोड करून घेऊ लागले. सैन्यानेही २००९ मध्ये खाकी ठोकळ्याचं सुधारित मॅगझिन आणलं.

मग २०१२ उजाडलं. लष्कराने सरकारी अ‍ॅल्युमिनियमचीच मॅगझिनं वापरा, असा संदेश काढला. गोंधळ उडाल्यावर सारवासारव करून निर्णय कमांडरांवर सोडला. वर्षाअखेर मरीन कोअरने तर बंदीच घातली. त्यांचं कारण मात्र अगदीच पोकळ नव्हतं: त्यांच्या नव्या एम-२७ रायफलमध्ये तेव्हाचं पीमॅग नीट बसत नव्हतं. जे एका रायफलमध्ये उत्तम, ते दुसरीत निरुपयोगी. कंपनीने पुढची आवृत्ती सगळीकडे बसेल अशी केली, आणि डिसेंबर २०१६ मध्ये त्याच मरीन कोअरने तिला लढाईसाठी मान्यता दिली. चार वर्षांत 'बाहेरचं' मॅगझिन घरचं झालं.

पाषाण ते कारगिल

यावरून कुणी म्हणेल, पत्र्यापेक्षा प्लास्टिक बरं. त्यासाठी आपल्या घरचं उदाहरण आठवावं. भारतीय सैन्याची इन्सास रायफल पुण्यात पाषाणच्या एआरडीई या संशोधन संस्थेने आखली. तिचं मॅगझिन वीस गोळ्यांचं, अर्धपारदर्शक प्लास्टिकचं. किती गोळ्या उरल्या ते बाहेरून दिसावं, ही कल्पना चांगलीच होती. १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत हीच मॅगझिनं तडकल्याच्या तक्रारी आल्या. इथे बाहेरच्या कंपनीचा प्रश्नच नव्हता, माल अस्सल होता. नुसतं 'प्लास्टिक' म्हणण्यातून काहीच कळत नाही. कोणतं प्लास्टिक, किती जाड, किती थंडीत, किती उंचीवरून पडल्यावर, हे विचारावं लागतं.

किती गोळ्या पुरे?

मग भरवसा ठरवायचा कसा? थोडं गणित करू. समजा एक मॅगझिन दर २०० गोळ्यांमागे सरासरी एकदा अडतं. लढाईत हे वाईटच. पण असं मॅगझिन तीस गोळ्या भरून एकदा रिकामं केलं, तर काहीही न अडता रिकामं होण्याची शक्यता ८६ टक्के. म्हणजे 'मी भरलं, झाडलं, मस्त चाललं' या साक्षीला जवळपास शून्य किंमत. २०० गोळ्या झाडल्या तरी ते एकदाही न अडता सुटण्याची शक्यता तिसऱ्या हिश्शाहून जास्त. ते तसं वाईट नाही हे ९५ टक्के खात्रीने म्हणायला एकही अडथळा न येता साधारण ६०० गोळ्या लागतात, म्हणजे तीसच्या मॅगझिनचे वीस फेरे. आणि त्याही कोरड्या, स्वच्छ मैदानावर झाडल्या असतील, तर वाळूबद्दल आणि बर्फाबद्दल त्या काही सांगत नाहीत.

कंपनीचं नाव, किंमत, सरकारी शिक्का, पत्रा की प्लास्टिक, यांतली प्रत्येक खूण या साठ वर्षांत एकदा तरी खोटी पडली. टिकली ती नोंद: कोणतं मॅगझिन, कोणत्या रायफलमध्ये, कोणत्या हवेत, किती गोळ्यांत किती वेळा अडलं.

अठराचा नियमही याच तराजूत घालायला हवा. तो अनुभवातून आला होता, त्या मॅगझिनसाठी, त्या काळात. पण आज तीसच्या अगदी नव्या मॅगझिनमध्येही अनेक जण सवयीने अठ्ठावीसच भरतात. विचारलं तर कारण मिळतं, जुन्यांनी सांगितलंय. जुन्यांनी ते शिकताना किंमत मोजली होती. आपण निदान मोजून बघावं, की त्या दोन गोळ्या अजूनही मागे सोडायला हव्यात का.