ससा कुणाच्या मालकीचा?

१६ ऑक्टोबर १९२३ रोजी वॉल्ट डिस्ने यांनी न्यूयॉर्कच्या वितरक मार्गारेट विंक्लर यांच्याशी ‘ॲलिस’ या लघुपटमालिकेचा करार केला. पहिल्या लघुपटांसाठी दर ठरला प्रत्येकी १,५०० डॉलर. कार्टूनच्या धंद्यात विंक्लर हे तेव्हा मोठं नाव होतं. फेलिक्स मांजराचे लघुपटही विंक्लरच थिएटरांना पुरवत. स्टुडिओनं वेळेवर रीळ पोचवायचं, वितरकानं ठरलेली रक्कम द्यायची आणि चित्र देशभर फिरवायचं, अशी ही साधी व्यवस्था होती. तिच्यात स्टुडिओची बाजू किती लंगडी होती, ते काही वर्षांनी उघड झालं. विंक्लर यांचे पती चार्ल्स मिंट्झ यांनी कारभार हाती घेतला आणि युनिव्हर्सल कंपनीसाठी डिस्नेंकडून ऑस्वाल्ड नावाचा ससा घडवून घेतला. १९२७ मध्ये तो पडद्यावर आला आणि चांगला चालला. फेब्रुवारी १९२८ मध्ये डिस्ने दर वाढवून मागायला न्यूयॉर्कला गेले, तेव्हा मिंट्झ यांनी उलट तो कमी करायला सांगितलं. डिस्नेंचे बहुतेक ॲनिमेटर त्यांनी आधीच फोडले होते. जमीन कसली डिस्नेंनी, सातबारा मात्र युनिव्हर्सलच्या नावावर होता. हा प्रसंग बहुधा मिंट्झ यांच्या कपटाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. मला त्यानंतरची घटना जास्त बोलकी वाटते: १९२९ मध्ये युनिव्हर्सलनं मिंट्झ यांनाही दूर केलं आणि ऑस्वाल्डचं काम वॉल्टर लँट्झ यांच्याकडे दिलं. ज्या कलमानं डिस्नेंना रिकाम्या हातानं परत पाठवलं, त्याच कलमानं मिंट्झही गेले. म्हणून या करारांचा इतिहास टक्केवारीच्या घासाघिशीत शोधू नये. पात्र कुणाचं आणि त्याचा पुढचा चित्रपट काढायचा अधिकार कुणाचा, या प्रश्नावर तो घडला आहे.

डिस्नेंनी हे ओळखलं. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी मिकी माउसचा ‘स्टीमबोट विली’ झळकला, त्यानंतर मिकीचे हक्क त्यांनी कुणालाही विकले नाहीत. वितरक मात्र बदलत राहिले: आधी पॅट पॉवर्स, १९३० मध्ये कोलंबिया, १९३२ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्स. या शेवटच्या कंपनीशी फाटलं ते दूरचित्रवाणीवरून. घराघरांत टीव्ही येण्याआधी, १९३६ च्या सुमाराला, कंपनी त्या भावी माध्यमाचे हक्क मागत होती आणि डिस्ने ते सोडायला तयार नव्हते. ज्या वस्तूला अजून बाजारच नव्हता, तिच्यासाठी चालू वितरक सोडणं हा मला या सगळ्या इतिहासातला सर्वात दूरदृष्टीचा निर्णय वाटतो. पुढे ‘स्नो व्हाइट’ आरकेओनं वितरित केला, आणि १९५३ मध्ये डिस्नेंनी ब्यूना व्हिस्टा ही स्वतःचीच वितरण कंपनी काढली.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. पैसा वितरक गुंतवतो, चित्रपट पडला तर तोच बुडतो, मग मालकी त्यानं का मागू नये? जोखमीचा मोबदला त्याला मिळायलाच हवा, हे मान्य. पण जोखीम एका चित्रपटाची असते आणि मालकी त्यानंतरच्या सगळ्या चित्रपटांची. पहिलीच्या बदल्यात दुसरी मागणं हा असमान व्यवहार आहे. दुसरा आक्षेप मला अधिक अवघड वाटतो: नुसती मालकीही स्टुडिओला वाचवत नाही. फ्लायशर बंधूंच्या स्टुडिओनं बेट्टी बूप घडवली, पण भांडवल पॅरामाउंटचं होतं, आणि १९४१ मध्ये पॅरामाउंटनं अख्खा स्टुडिओच ताब्यात घेतला. म्हणजे हक्क टिकवायचे तर कर्जाच्या ओझ्याखाली न दबणारं भांडवल लागतं. या आक्षेपानं मूळ मुद्दा खोटा ठरत नाही, त्याची अट तेवढी कळते.

ती अट सर्वात स्पष्ट दिसते पिक्सारच्या बाबतीत. १९९१ च्या करारात खर्च डिस्ने कंपनीचा होता, म्हणून चित्रपट आणि पात्रंही तिचीच. पिक्सारला नफ्यातला लहानसा वाटा. एकेकाळी वॉल्ट डिस्ने ज्या बाजूला बसले होते, तिथे आता पिक्सार होती. नोव्हेंबर १९९५ मध्ये ‘टॉय स्टोरी’ आला आणि आठवड्याभरातच पिक्सारनं शेअर बाजारातून सुमारे १४ कोटी डॉलर उभे केले. आता निम्मा खर्च स्वतः उचलायची ताकद आली होती. फेब्रुवारी १९९७ च्या नव्या करारात खर्च निम्मा, नफा निम्मा आणि चित्रपटांची मालकीही सामाईक झाली. डिस्नेनं एक कलम मात्र राखून ठेवलं: करारातल्या पाच चित्रपटांच्या मोजणीत उत्तरभाग धरायचे नाहीत. त्यामुळे १९९९ चा ‘टॉय स्टोरी २’ जगभर गाजूनही पिक्सारच्या खात्यात जमा झाला नाही. पुढे पिक्सारनं पूर्ण मालकी मागितली, वितरकाला फक्त वितरणाचं शुल्क देऊ केलं, आणि जानेवारी २००४ मध्ये बोलणी मोडली. डिस्नेनं पिक्सारला वगळून ‘टॉय स्टोरी ३’ काढायला वेगळा स्टुडिओही उघडला. २००६ मध्ये डिस्नेनं ७४० कोटी डॉलरच्या शेअर्सच्या बदल्यात अख्खी पिक्सारच विकत घेतली. वाद टक्क्यांचा असता तर इतकी किंमत मोजायची गरज पडली नसती.

पिक्सारला हवी होती तशी रचना ड्रीमवर्क्स ॲनिमेशनला मिळाली. खर्च आणि हक्क स्वतःचे, आधी पॅरामाउंटला आणि नंतर फॉक्सला आठ टक्के शुल्क. पण खर्च आपला म्हटला की तोटाही आपला. काही चित्रपट पडल्यावर कंपनीची दमछाक झाली आणि २०१६ मध्ये ती युनिव्हर्सलच्या मालकांकडे गेली.

आता ऑनलाइन मंच पुन्हा १९२३ च्या पद्धतीनं व्यवहार करतात. २०२५ मध्ये जगभर पाहिला गेलेला ‘केपॉप डीमन हंटर्स’ सोनीच्या ॲनिमेशन स्टुडिओनं घडवला. खर्च नेटफ्लिक्सनं उचलला, वर ठरलेली रक्कम दिली आणि चित्रपट आपल्याकडे ठेवला. महासाथीच्या दिवसांत, थिएटरांचा भरवसा नसताना झालेला हा व्यवहार सोनीला तेव्हा सुरक्षित वाटला असणार, आणि तसं वाटणं चूक नव्हतं. तरी चित्रपटाला अफाट यश मिळालं, तेव्हा स्टुडिओच्या हाती मुख्यतः ती ठरलेली रक्कमच होती. सोनी ही काही भांडवलाअभावी अडलेली छोटी कंपनी नाही. १९३० मध्ये मिकीचे लघुपट वितरित करणारी कोलंबिया आज तिच्याच मालकीची आहे.