आसनाखालचे आसन

'योगासनांसाठी चांगली मॅट कोणती घ्यावी?' हा प्रश्न हल्ली बागेत, योगवर्गात, दुकानात सर्रास ऐकू येतो. दुकानात गेले की जाड-पातळ, रबरी-प्लास्टिकच्या, स्वस्त-महाग अशा इतक्या गुंडाळ्या समोर येतात की माणूस भांबावून जातो. वाटते, ही कटकट आजच्या बाजारानेच उभी केली. पण तसे नाही. माणूस योगाला बसला त्या दिवसापासून 'अंगाखाली काय घालायचे' हा प्रश्न त्याच्या सोबत आहे. काळाप्रमाणे त्याची उत्तरे बदलत गेली. ती का बदलली, हे एकदा ध्यानात आले की दुकानातली निवडही सोपी होते.

'आसन' हा शब्दच पाहा. तो 'आस्' म्हणजे बसणे या धातूपासून आला. देहाची जी विशिष्ट ठेवण तेही आसन, आणि ज्यावर बसायचे तेही आसन. दोन्हींना नाव एकच. कारण मुळात योग्याला बसायचे होते, तेही दीर्घकाळ, न हलता.

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात या बैठकीचे वर्णन आहे. जागा स्वच्छ असावी, आसन स्थिर असावे, फार उंच नको आणि फार सखलही नको. त्यासाठी तीन वस्तू सांगितल्या आहेत: कुश गवत, मृगाजिन आणि वस्त्र. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, ज्ञानदेवांनी नेवाशाला या भागाचे विवरण केले. उंची-सखलपणाचे कारणही त्यांनी आपल्या ओवीत दिले आहे. आसन उंच झाले तर अंग डोलेल आणि खाली गेले तर जमिनीचा दोष लागेल, असा त्याचा आशय. मॅटच्या जाडीबद्दल आजच्या कुठल्याही जाणकाराने याहून नेमके काही सांगितलेले माझ्या वाचनात नाही.

या तीन थरांत व्यवहार होता. गवताने जमिनीची ओल वर येत नसे, कातड्याने गारवा अडे, आणि धुतलेले कापड अंगाला मऊ लागे. नमाजाची जानमाज असो की पूजेचा पाट, आपल्यापुरती एक स्वच्छ जागा आखून घेण्याची माणसाची रीत जुनीच आहे. यांतले मृगाजिन आता गेले. काळविटाची शिकार आणि त्याच्या कातड्याचा व्यापार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरवला. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या रेहेकुरीला काळविटांचे अभयारण्य आहे. ते कातडे आता जिवंत काळविटाच्या अंगावरच शोभते. आपल्याकडे त्याची जागा घ्यायला धनगरी घोंगडी होतीच.

पंधराव्या शतकातल्या 'हठप्रदीपिका' या ग्रंथात पंधरा आसने सांगितली आहेत. त्यांत उभ्याने करायचे एकही नाही. पुढे ग्वाल्हेरचे सूफी संत मुहम्मद गौस यांनी 'अमृतकुंड' या योगग्रंथाच्या आधारे 'बहरुल हयात', म्हणजे 'जीवनाचा सागर', हा ग्रंथ फारसीत लिहिला. हे गौस म्हणजे ज्यांच्या कबरीशेजारी तानसेनाची कबर आहे तेच. पुढे जहांगीर झालेल्या शाहजादा सलीमने सतराव्या शतकाच्या आरंभी, अलाहाबादेत असताना, या ग्रंथाची सचित्र प्रत करवून घेतली. आसनांची चित्रे असलेल्या सर्वांत जुन्या ग्रंथांत तिची गणना होते. आज ती डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. त्या काळापर्यंत योगी हा मुख्यतः बसलेला माणूस होता. मोगल चित्रांतले जोगी कातड्यावर नाहीतर चटईवर निवांत बसलेले दिसतात. त्यांचा पाय घसरण्याचा प्रश्नच नव्हता.

विसाव्या शतकात चित्र पालटले, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. 1918 मध्ये योगेंद्रजींनी मुंबईत वर्सोव्याला योगसंस्था काढली. 1924 मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला आणि आपल्या संस्थानातल्या शाळांतून त्याचा प्रसार केला. 1937 मध्ये बी. के. एस. अय्यंगार पुण्यात शिकवायला आले आणि पुणेकरच झाले. योग गुहेतून घरात आणि वर्गात आला. त्यात उभ्याने करायची आसने महत्त्वाची ठरली. त्रिकोणासनात पाय लांब फाकायचे, सूर्यनमस्कारात तळहातांवर भार द्यायचा. बसलेल्या माणसाला ऊब हवी होती. या नव्या साधकाला पकड हवी होती.

तरीही बरीच वर्षे काम सतरंजीवर आणि घोंगडीवर भागले. अय्यंगारांचे जगभर गेलेले इंग्रजी पुस्तक 1966 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातही सपाट जमिनीवर घडी घातलेली घोंगडी अंथरावी, एवढाच सल्ला आहे.

आजच्या चिकट मॅटची गोष्ट युरोपात सुरू होते. अँजेला फार्मर या इंग्लंडच्या योगशिक्षिका अय्यंगारांच्या शिष्या. लहानपणीच्या एका शस्त्रक्रियेमुळे त्यांच्या हातापायांना घाम येत नसे. कोरडे तळवे गुळगुळीत जमिनीवर टिकेनात. जर्मनीत शिकवत असताना त्यांना गालिच्याखाली घालायचे, गालिचा सरकू नये म्हणून वापरायचे अस्तर सापडले. त्याचा अंगापुरता तुकडा कापून त्या त्यावर आसने करू लागल्या. बघणाऱ्यांना तो हवासा वाटला. त्यांच्या वडिलांनी जर्मन कारखानदाराशी संपर्क साधून ते अस्तर योगासाठी विकायला सुरुवात केली. ही 1980 च्या दशकातली हकीकत. पुढे 1990 च्या दशकात अमेरिकेत खास योगासाठी मॅट बनू लागल्या आणि मग त्या जगभर पसरल्या. 21 जून 2015 रोजी पहिल्या आंतरराष्ट्रीय योग दिनी दिल्लीच्या राजपथावर 35,985 लोकांनी एकत्र आसने केली, तेव्हा तो सगळा रस्ता मॅटनी झाकून गेला होता.

या गोष्टीत आपल्या घराचीही एक बाजू आहे. आपली जमीन बदलली. शेणाने सारवलेल्या भुईवर किंवा खडबडीत शहाबादी फरशीवर सतरंजी जागची सहसा हलत नसे. आज घराघरात आरशासारख्या टाइल्स आहेत. त्यावर तीच सतरंजी पायाखालून सटकते. साठीच्या माणसाने त्रिकोणासनात पाय फाकले आणि खालचे वस्त्र सरकले, तर मांडीचा स्नायू फाटायला किंवा खुब्याचे हाड मोडायला क्षण पुरतो. म्हणून गुळगुळीत फरशीवर उभी आसने करणाऱ्याने मॅट घ्यावीच. ती चैन नाही.

आता निवडीकडे येऊ. पहिली गोष्ट जाडी. ज्ञानदेवांचा निकष इथे हुबेहूब लागू पडतो. दहा-बारा मिलिमीटरची गुबगुबीत मॅट दुकानात सुखाची वाटते, पण तिच्यावर वृक्षासनात एका पायावर उभे राहिले की घोटा डुगडुगतो. अंग डोलेल, ते हेच. अगदी पातळ, दीड-दोन मिलिमीटरची मॅट प्रवासाला ठीक, पण रोज तिच्यावर गुडघे टेकवले तर फरशी बोचते. घरच्या रोजच्या सरावाला चार ते सहा मिलिमीटर पुरे. गुडघे दुखरे असतील तर मॅट जाड घेण्यापेक्षा गुडघ्याखाली टॉवेलाची घडी ठेवावी.

दुसरी गोष्ट पकड. ती दोन बाजूंनी पाहावी: मॅटची फरशीवर आणि तळव्याची मॅटवर. दुकानात मॅट उलगडून घ्यावी, तळहात टेकून पुढे रेटून पाहावा, एका पायावर उभे राहावे. लाजू नये. चप्पल घेताना आपण चालून पाहतोच की! तिसरी गोष्ट लांबी. साधारण मॅट 68 इंच लांब आणि 24 इंच रुंद असते. शवासनात डोके किंवा टाचा फरशीवर जात असतील तर मोठी घ्यावी.

मग प्रश्न उरतो मालाचा. पीव्हीसी स्वस्त आणि टिकाऊ, पण ते मातीत मिसळत नाही, आणि हलक्या मालात प्लास्टिक मऊ करणारी घातक रसायने असू शकतात. उग्र वास येणारी मॅट नाकानेच नापास करावी. नैसर्गिक रबराची पकड उत्तम, मात्र वजन जास्त आणि ऊन लागले की ते तडकते, शिवाय काहींना रबराची अॅलर्जी असते. टीपीई हलके आहे, पण लवकर झिजते. ताग आणि सुती मॅट घाम टिपतात. मात्र त्यांच्या खालच्या बाजूला रबराचा थर आहे ना, ते पाहून घ्यावे. कुठलीही मॅट ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावी. स्वच्छ जागेची जुनी अट अजून कायम आहे.

आणि मॅट आणली म्हणून घरातली सतरंजी-घोंगडी माळ्यावर टाकू नये. उभी आसने मॅटवर करावीत. प्राणायामाला, ध्यानाला बसताना मात्र घोंगडीची चौपदरी घडी घेऊन तिच्यावर बसावे. तिथे पकड लागत नाही, ऊब लागते आणि बैठक थोडी उंच झाली की पाठ आपोआप ताठ राहते. ज्याला केवळ बसायचेच आहे, त्याने मॅटचा खर्च खुशाल वाचवावा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)