अवतार आणि आरोहण : ‘अल्टिमा’ मालिकेच्या अखेरीचा प्रश्न

1999 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन येथील ओरिजिन सिस्टिम्स या संस्थेने ‘अल्टिमा’ या संगणकीय खेळांच्या मालिकेचा नववा भाग प्रसिद्ध केला. त्याचे उपनाम ‘असेन्शन’, म्हणजे आरोहण, असे होते. 1981 मध्ये सुरू झालेल्या मुख्य कथामालिकेचा हा शेवट. ज्यांनी ही मालिका पौगंडावस्थेपासून प्रौढपणापर्यंत सांभाळली होती त्यांच्यात या शेवटाने जी प्रतिक्रिया उमटली तिला नुसती नापसंती म्हणता येणार नाही. एखाद्या दीर्घ कादंबरीच्या अखेरच्या प्रकरणात लेखकाने आधीची प्रकरणे वाचलेलीच नाहीत असे वाचकास वाटावे, तसा तो अनुभव होता. संगणकीय खेळाकडे साहित्यसमीक्षेने पाहावे की नाही हा वाद आता जुना झाला आहे. एस्पन आर्सेथ यांच्या ‘सायबरटेक्स्ट’ (1997) या ग्रंथानंतर, ज्या संहितेतून वाट काढण्यासाठी वाचकाला श्रम करावे लागतात तिचा विचार साहित्यविचाराच्या कक्षेत आलेला आहे. प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न त्याहून मर्यादित आहे : फसलेला शेवट आधीच्या संपूर्ण कृतीचे काय करतो?

मालिकेचा कर्ता रिचर्ड गॅरियट. त्याचे वडील ओवेन गॅरियट हे अंतराळवीर. रिचर्डने विद्यार्थिदशेतच ‘अकालाबेथ’ हा खेळ रचला आणि 1981 मध्ये पहिला ‘अल्टिमा’. पहिल्या तीन भागांविषयी फारसे सांगण्याजोगे नाही. मोंडेन, मग मिनॅक्स, मग एक्सोडस अशी दुष्टांची एक वंशावळ आणि नायकाने तिचा केलेला उच्छेद, एवढाच त्यांचा आशय. सामर्थ्य वाढवावे, शत्रू मारावा, द्रव्य लुटावे हा त्या काळच्या भूमिकाप्रधान खेळांचा रूढ घाट तेथेही होता. गावातील निरपराध माणसास मारून त्याची थैली लुटणे हा तर यशाचा जवळचा मार्गच ठरे. खेळाडूंची आणि त्यांच्या पालकांची पत्रे वाचताना गॅरियटला याची जाणीव झाली, असे त्याने स्वतः अनेकदा सांगितले आहे.

1985 च्या चौथ्या भागात या जाणिवेला रूप मिळाले आणि मालिकेला तिचा खरा विषय सापडला. ‘क्वेस्ट ऑफ द अवतार’ या भागात मारण्यासाठी अखेरचा खलनायकच नाही. ब्रिटानिया हे राज्य सुस्थिर आहे, राजा लॉर्ड ब्रिटिश सिंहासनावर आहे, आणि नायकाने एवढेच करावयाचे आहे की आठ गुणांत परिपूर्ण होऊन ‘अवतार’ व्हावयाचे. हा शब्द हिंदू परंपरेतून घेतल्याचे कर्त्याने मान्य केलेले आहे. गुणांच्या देवस्थानांपुढे ध्यान लावताना उच्चारावयाच्या अक्षरांनाही तेथे ‘मंत्र’ असेच म्हटले आहे. आठ गुणांची मांडणी मोठी तर्कशुद्ध आहे. सत्य, प्रेम आणि धैर्य ही तीन मूलतत्त्वे. त्यांपैकी एकेकातून प्रामाणिकपणा, करुणा आणि शौर्य उपजतात, दोन-दोनांच्या मिश्रणातून न्याय, त्याग आणि मान, तिन्हींच्या संयोगातून आध्यात्मिकता. आठवा गुण नम्रता, आणि तो या तिन्ही तत्त्वांच्या अभावातून येतो. नम्रतेला कशाचाच आधार नसावा ही कल्पना एका चोवीस वर्षांच्या तरुणाला सुचली याचे आजही आश्चर्य वाटते.

परंतु या भागाचे मोठेपण तत्त्वांच्या कोष्टकात नाही. ते ज्या रीतीने खेळात उतरले तिच्यात आहे. जादूची द्रव्ये विकणारी बाई आंधळी आहे. किती नाणी दिली हे खेळाडूनेच सांगावयाचे. कमी दिली तरी सौदा होतो, कोणी हटकत नाही, पडद्यावर काही उमटत नाही. फक्त आत कोठेतरी प्रामाणिकपणाचा आकडा घसरतो, आणि पुष्कळ दिवसांनी देवस्थानापुढे उभे राहिल्यावर ध्यान निष्फळ ठरते. भिकाऱ्यास दान देणे, रुग्णांसाठी रक्त देणे, पळणाऱ्या निरुपद्रवी प्राण्याचा पाठलाग न करणे, स्वतःची बढाई मारण्याचा मोह टाळणे या सर्वांची अशीच मुकी नोंद होत राहते. शील हे एका मोठ्या प्रसंगात सिद्ध होत नाही, ते सवयीने घडते, हा विचार येथे कोणी पात्र बोलून दाखवीत नाही. खेळाची यंत्रणा तो करून दाखविते. अवतार या शब्दाचा अर्थही येथे उलटा झाला आहे. आपल्याकडे अवतार म्हणजे अवतरण, वरून खाली येणे. येथे एक सामान्य मनुष्य आचरणाच्या पायऱ्या चढत अवताराच्या पदाला पोचतो. भाषांतरात झालेली ही चूक म्हणावी की सर्जक गैरवाचन, याविषयी मतभेद होऊ शकेल. पण या उलटापालटीतूनच पुढील भागांचे नाट्य निर्माण झाले.

कारण पुढच्या तीन भागांनी या पदालाच प्रश्न विचारले. पाचव्या भागात (1988) राजा बेपत्ता आहे आणि त्याच्या जागी बसलेल्या ब्लॅकथॉर्नने आठही गुणांना दंडसंहितेचे रूप दिले आहे. खोटे बोलणाऱ्याची जीभ छाटावी, असा तेथे कायदा आहे. सद्गुण सक्तीचा झाला की त्याचे काय होते, याचे इतके रोखठोक चित्रण तोवरच्या संगणकीय खेळात झालेले नव्हते. सहाव्या भागात (1990) ज्या गार्गॉइल जमातीला खेळाडू राक्षस समजून मारीत होता तिच्या दृष्टीने अवतार हाच खोटा प्रेषित ठरतो. चौथ्या भागात ज्ञानग्रंथ मिळवून नायक अवतारपदी पोचला, पण त्याच कृत्याने त्यांच्या जगाचा विनाश ओढवला होता. त्या जमातीला तिची स्वतःची गुणव्यवस्था आहे, आणि ती आपल्या व्यवस्थेहून कमी सुसंगत नाही, हे खेळाडूस सावकाश उमगते. सातव्या भागात (1992) दोनशे वर्षे लोटली आहेत, गुणांचा विसर पडला आहे, आणि गोड भाषेत त्यांची नक्कल करणारा ‘फेलोशिप’ नावाचा पंथ गावोगाव पसरला आहे. त्याच्यामागे गार्डियन ही अन्य जगातली सत्ता आहे. या भागातील सृष्टीची सघनता विलक्षण आहे. पीठ, पाणी, कणीक आणि भट्टी यांतून पाव भाजता येतो, माणसे आपापल्या वेळी कामाला जातात, रात्री खाणावळीत बसतात. ज्या जगाला वाचवावयाचे ते वाचविण्याजोगे आहे, हे त्या पावाने पटते.

अशा रीतीने प्रत्येक भाग आधीच्या भागाचा भाष्यकार होता. त्याने आधीचे पुसले नाही, त्याचा अर्थ वाढविला. नाट्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर बीज पेरले गेले होते, गर्भसंधी आणि विमर्शसंधीतून ते गेले होते. विखुरलेल्या अर्थांना एकत्र आणणारी निर्वहणसंधी तेवढी उरली होती. सातवा, आठवा आणि नववा या भागांची गार्डियनभोवतीची त्रयी हेच काम करणार होती.

ते का झाले नाही याची बाह्य कारणे सर्वज्ञात आहेत. 1992 मध्ये ओरिजिन ही संस्था इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने विकत घेतली. 1994 चा आठवा भाग ‘पेगन’ अपुऱ्या अवस्थेत बाजारात गेला. त्यात अवतार एकटा, परक्या जगात, स्वतःची सुटका व्हावी म्हणून इतरांचा विनाश पत्करणारा असा झाला होता. नवव्या भागाचे काम त्यानंतर सुरू झाले, थांबले, पुन्हा सुरू झाले. सप्टेंबर 1997 मध्ये आलेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’साठी माणसे तिकडे वळविण्यात आली, आणि दरमहा वर्गणी देणाऱ्या हजारो लोकांचे ते सामुदायिक जग यशस्वी होताच एकट्याने खेळावयाच्या कथेचे आर्थिक प्रयोजन क्षीण झाले. चित्रणाची यंत्रणा बदलली, निर्माते बदलले, कथेचा आधीचा आराखडा टाकून देण्यात आला. अखेर जे प्रसिद्ध झाले ते अनेक संगणकांवर नीट चालतही नव्हते. त्या काळच्या विशिष्ट थ्रीडीएफएक्स कार्डांसाठी ते बेतलेले होते. (या धामधुमीत घडलेल्या एका प्रसंगाची समीक्षकांनी पुरेशी दखल घेतलेली नाही. ऑगस्ट 1997 मध्ये ‘ऑनलाइन’च्या चाचणीच्या वेळी गॅरियट स्वतः लॉर्ड ब्रिटिशच्या रूपात जगात वावरत असताना एका खेळाडूने त्याला जाळून मारले. रोलाँ बार्त यांनी 1967 मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली होती. तिचा इतका शब्दशः प्रयोग अन्यत्र झालेला नाही.)

मात्र बाह्य कारणांनी कृतीचे मूल्यमापन होत नाही. पाचवा आणि सातवा भागही घाईत आणि तंट्यांतच तयार झाले असते तरी त्यांचा आशय तसाच राहिला असता. नवव्या भागाचे अपयश त्याच्या कल्पनेत आहे. गार्डियनने ब्रिटानियात आठ प्रचंड स्तंभ उभारले आहेत. त्यांच्या प्रभावाने प्रत्येक गावातील गुण विकृत झाला आहे. अवताराने भुयारांत उतरावे, हरवलेल्या गूढ चिन्हवस्तू शोधाव्यात, देवस्थान शुद्ध करावे; मग ते गाव सुधारते. चौथ्या भागात गुण हे वर्तन होते, येथे ती एक वस्तू आहे. चौथ्या भागातही देवस्थानात प्रवेश मिळण्यासाठी अक्षरांकित शिळा लागत असे, हे खरे. पण शिळेने दार तेवढे उघडत असे. आतले ध्यान फळावे की नाही हे खेळाडूच्या आचरणावर होते. नवव्या भागात शीलाची नोंद कोठे उरली असली तरी कथेची गती तिच्यावर अवलंबून नाही. आणखी गंभीर गोष्ट अशी की लोकांचा अधःपात येथे एका दूरस्थ यंत्राचा परिणाम झाला आहे. ‘फेलोशिप’ला शरण गेलेल्या माणसांनी निवड केली होती, त्यांचे भय आणि लोभ त्यांचे होते. स्तंभाच्या छायेत बिघडलेल्या माणसाने काहीच निवडलेले नाही. म्हणून त्याच्या सुधारण्यालाही अर्थ नाही.

स्मृतिभ्रंशाची उदाहरणे तर जिज्ञासूंनी याद्याच करून ठेवली आहेत. आठव्या भागाचा अंत अवतार गार्डियनच्या सत्तेखालील ब्रिटानियात परतण्यात झाला होता. नववा त्याला पृथ्वीवरच्या त्याच्या घरी जागा करतो आणि मधल्याचा हिशेब देत नाही. पॅलाडिन म्हणजे काय, असे हा अवतार एका ठिकाणी विचारतो. 1985 मध्ये खेळाडूस ज्या आठ व्यवसायांतून वाट मिळत असे त्यांत पॅलाडिन एक होता. ही चूक क्षुल्लक वाटेल, पण नवख्या ग्राहकाला कथा समजावी म्हणून नायकाच्या तोंडी अज्ञान घालण्याचे हे धोरण होते, आणि त्याची किंमत नायकाच्या व्यक्तित्वाने चुकविली. एकेकाळी सोबत चालणारे इओलो, शमिनो, डुप्रे हेही आता सहप्रवासी राहिले नाहीत. अवतार एकटाच हिंडतो.

शेवटी उघड होते की गार्डियन हा अवताराचाच अर्धा भाग आहे. गुणसंपन्न होताना त्याच्यातून जे दुष्ट बाजूला पडले त्याचेच हे रूप. ही कल्पना हीन नाही. उलट, सहाव्या भागातील खोट्या प्रेषिताच्या सूत्राशी तिचा सांधा जुळला असता तर मालिकेला यथोचित निर्वहण लाभले असते : परिपूर्णतेची किंमत दुसऱ्या कोणी तरी मोजलेली असते, हे ते सूत्र. परंतु हा उलगडा अखेरीस केवळ सांगितला जातो. तो खेळाडूच्या हातून घडत नाही. अवतार दोघांचा एकत्र नाश ओढवून घेतो आणि ‘आरोहण’ करतो.

येथे ध्वन्यालोकाच्या चौथ्या उद्द्योताची आठवण अपरिहार्य आहे. यादवांचा संहार आणि पांडवांचे विरस प्रस्थान यांत महाभारताची अखेर होते, म्हणून त्या संपूर्ण ग्रंथाचा अंगी रस शांत होय, असे आनंदवर्धनाने म्हटले. शेवट हा कृतीचा एक तुकडा नसून मागे वळून सर्व कृतीला प्रकाशित करणारी जागा आहे, हे त्याचे प्रतिपादन. फ्रँक करमोड यांनी ‘द सेन्स ऑफ अॅन एंडिंग’ (1967) मध्ये वेगळ्या मार्गाने जवळपास हेच सांगितले. महाभारताच्या अखेरच्या पर्वाचे नाव स्वर्गारोहण आहे, आणि तेही वाचकाला सुख देत नाही. युधिष्ठिराला स्वर्गात दुर्योधन दिसतो, भाऊ नरकात. पण ती अस्वस्थता युधिष्ठिराच्या धर्माची अखेरची कसोटी आहे. तो भावांजवळ थांबण्याचे निवडतो. ‘अल्टिमा’च्या आरोहणात ही निवड नाही. म्हणजे दुःखान्त वा अप्रिय शेवट हा दोष नव्हे. कसोटीवाचून आलेला शेवट हा दोष.

मग असा शेवट मागे वळून आधीच्या भागांना काळवंडतो का? आनंदवर्धनाचा सिद्धान्त काटेकोर लावला तर होय, असे उत्तर यावे. इतिहास मात्र निराळे सांगतो. 2012 च्या मार्चमध्ये ‘मास इफेक्ट’ त्रयीचा तिसरा भाग आला तेव्हा रुष्ट खेळाडूंनी शेवट बदलण्याची मागणी कर्त्यांकडे केली, आणि जूनमध्ये विस्तारित शेवट मिळालाही. 1999 मध्ये असे मागण्याजोगा कर्ताच उरला नाही. गॅरियट 2000 मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्समधून बाहेर पडला, 2004 मध्ये ओरिजिन बंद झाली. ‘अल्टिमा’च्या वाचकांनी दाद मागितली नाही, त्यांनी संहिता आपल्याकडे घेतली. काहींनी नवव्या भागातील संवाद मालिकेशी जुळतील असे नव्याने लिहिले. आधुनिक संगणकांवर सातवा भाग चालावा म्हणून ‘एक्झल्ट’ ही प्रणाली रचली गेली. आणि जी मोठी कामे हौशी मंडळींनी वर्षानुवर्षे विनामोबदला केली त्यांत अखेरीची दुरुस्ती नव्हती. 2005 मध्ये ‘लाझारस’ या नावाने पाचवा भाग पुन्हा नव्याने घडविला गेला आणि 2010 मध्ये सहावा. सक्तीचा सद्गुण आणि खोटा प्रेषित, हे ते दोन भाग.