खुली सिद्धांतमांडणी

सिद्धांतातली गृहीतके, व्याख्या, विधाने आणि ती कशाने खोटी ठरतील त्या अटी सुट्या करून, आवृत्तिक्रमांकासह खुल्या संगणकीय नोंदीत ठेवण्याची पद्धत. सापडावे, मिळावे, इतर नोंदींशी जुळावे, पुन्हा वापरता यावे ही ‘फेअर’ तत्त्वे 2016 मध्ये मांडली गेली ती मुख्यतः विदेसाठी. ती सिद्धांतांनाही लावावीत हा आग्रह त्यानंतरचा. साधने नवी नाहीत. बदलांचा इतिहास जपणारे गिट आणि नोंदीला डीओआय हा कायमचा ओळखक्रमांक देणारे झेनोडो एवढ्यावर काम भागते.

गरज कुठे पडते, ते मावळातल्या बेडसे लेण्यांच्या काळनिर्णयात दिसते. फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी 1880च्या ग्रंथात लेण्यांचा क्रम लावताना खांबांचा आतला कल आणि लाकडाचा वापर यांवर भर दिला. लाकडी घराला असा कल लागतो, खडकाला लागत नाही. कारागिरांनी तो सवयीने ठेवला आणि हळूहळू सोडला, असा तर्क. म्हणून आधी भाजे, मग बेडसे, मग कार्ले. तर्क देखणा आहे. पण सगळ्या डोंगरांतले पाथरवट एकाच चालीने सुधारत गेले, हे त्यातले गृहीतक वर्णनात मुरून जाते. पुढे विद्या दहेजिया (1972) आणि एस. नागराजू (1981) यांनी अक्षरवळण व वास्तुघटक घेऊन हा क्रम पुन्हा तपासला. नेमके कोणते विधान कोणी बदलले, हे पाहायला आजही तिन्ही ग्रंथ उघडे ठेवून बसावे लागते.

बेडशाच्या ओसरीत, घोडे-हत्तींवर बसलेल्या जोडप्यांच्या उंच खांबांमागे, एका खोलीच्या दारावर लेख आहे: नाशिकच्या आनंद शेठींचा मुलगा पुष्यणक याचे दान. ना राजा, ना वर्ष. काळ ठरवायचा तो अक्षरांच्या वळणावरून, आणि त्या वळणांचा क्रम लावताना लेण्यांच्या क्रमाचा आधार घेतला असेल, तर फिरून भोपळे चौकात! खुल्या नोंदीत ‘लेख अमुक काळाचा’ या विधानाला ते कशावर टेकले आहे, याचा दुवा द्यावाच लागतो. मग वर्तुळ लपत नाही. कल मोजला असेल तर कुठल्या खांबाचा, कुठल्या उंचीवर, हेही लिहावे लागते. एका विधानाला धक्का बसला, तर त्यावर टेकलेली बाकीची विधाने लगेच शोधता येतात आणि जुनी आवृत्ती पुसली जात नाही.

पुराव्याचे मात्र तसे नाही. इंग्रज साहेब येणार म्हणून बेडशाची लेणी रंगवून ठेवायची रीत 1861च्या सुमारापर्यंत चालू होती. त्यात जुन्या गिलाव्यावरच्या चित्रांच्या उरल्यासुरल्या खुणा गेल्या. बेडशाच्या नोंदीत ‘चित्रे’ या रकान्यात ‘नव्हती’ असे न लिहिता ‘नष्ट’ असे लिहायचे, ते यासाठी.